सेंट्रोसोम एकाचे दोनच का होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीविभाजन शिकवताना सेंट्रोसोमचा विषय निघाला की पुढे आठवडाभर प्रश्न येत राहतात. बारावीची मुलं विचारतात, एमएस्सीचे विद्यार्थी विचारतात, आणि अधूनमधून बाळाच्या जनुक तपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेले आईवडीलही विचारतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी केली आहे, अवघड अपवाद शेवटी आहेत. उत्तरं माणसाच्या पेशींबद्दल आहेत. प्रयोग दुसऱ्या प्राण्यावर झाला असेल तिथे तसं लिहिलं आहे.

१. सेंट्रोसोम आणि सेंट्रिओल एकच का?

नाही. सेंट्रिओल ही एक छोटी नळी आहे: सुमारे ५०० नॅनोमीटर लांब, २५० नॅनोमीटर रुंद. तिची भिंत सूक्ष्मनलिकांच्या, म्हणजे प्रथिनांच्या बारीक पोकळ धाग्यांच्या, नऊ तिहेरी जुड्यांची असते. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा दोनशे-तीनशे नळ्या शेजारी शेजारी मावतील. अशा दोन नळ्या आणि त्यांच्याभोवतीचं प्रथिनांचं दाट वेष्टन मिळून सेंट्रोसोम होतो. सूक्ष्मनलिका फुटतात त्या या वेष्टनातून. मराठी पुस्तकांत यांना तारककाय आणि तारककेंद्र म्हणतात. मी इथे प्रयोगशाळेत रोज बोलली जाणारी नावंच ठेवली आहेत.

२. विभाजनाआधी त्याचे दोन का व्हावे लागतात?

विभाजनाच्या वेळी पेशीत स्पिंडल उभा राहतो, म्हणजे सूत कातायच्या चातीसारखा दोन्ही टोकांना निमुळता, धाग्यांचा सांगाडा. त्याच्या प्रत्येक टोकाला एक सेंट्रोसोम बसतो. टोकं दोन असली की गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे होतात. टोकं तीन किंवा चार झाली तर वाटणीच बिघडते. म्हणून प्रत्येक पेशीला जन्मतः एक सेंट्रोसोम मिळतो, ती विभाजनाआधी, एस अवस्थेत (डीएनएची नक्कल होते त्या टप्प्यात), त्याचे दोन करते आणि दोन्ही लेक पेशींना एकेक देते. जास्त झाले तर काय होतं ते प्रश्न १३ मध्ये आणि एकही नसला तर काय ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. आम्ही शाळेत शिकलो की सेंट्रिओल पूर्वावस्थेत दुप्पट होतात. मग तुम्ही एस अवस्था का म्हणता?

नवा सेंट्रिओल उगवायला सुरुवात होते ती जी१ अवस्था (एसच्या आधीचा टप्पा) संपून एस अवस्था सुरू होताना, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू होते त्याच सुमारास. एस आणि जी२ (एस आणि विभाजन यांच्या मधला टप्पा) मध्ये तो वाढत राहतो. पूर्वावस्था, म्हणजे विभाजनाची पहिली पायरी, येईपर्यंत चारही सेंट्रिओल हजर असतात. पूर्वावस्थेत साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतं ते या दोन जोड्यांचं एकमेकींपासून दूर जाणं. शाळेच्या वर्णनात उगवणं आणि दूर जाणं एकाच वाक्यात आलेलं असतं, त्यामुळे हा घोटाळा होतो. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहा, पण डोक्यात खरा क्रम ठेवा. पुढची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

४. जुना सेंट्रिओल उभा चिरून त्याचे दोन होतात का? की डीएनएसारखी एक बाजू बघून दुसरी बनते?

दोन्ही नाही. जुना सेंट्रिओल, ज्याला आई म्हणतात, तो अखंड राहतो. त्याच्या बुडाजवळ, बाजूच्या भिंतीला लागून आणि काटकोनात, एक नवा कोंब फुटतो. तो लेक सेंट्रिओल. लेकीच्या बुडाशी आधी बैलगाडीच्या चाकासारखी एक रचना तयार होते: मध्ये तुंबा, बाहेर नऊ आरे. मग आऱ्यांच्या टोकांना सूक्ष्मनलिका चढतात. आईच्या नळीतली कोणतीही माहिती लेकीत उतरवली जात नाही. आई जागा देते आणि सामान गोळा करून देते. म्हणून आई नसतानाही सेंट्रिओल बनू शकतो. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

५. हे सगळं सुरू कोण करतं?

पीएलके४ नावाचं एन्झाइम. ते दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवतं. २००५ मध्ये दोन गटांनी हे दाखवलं. जर्मनीत मार्टिन्सरीडला एरिख निग यांच्या गटाने मानवी पेशींत, आणि केंब्रिजला मोनिका बेटनकूर-डियाश आणि डेव्हिड ग्लोव्हर यांच्या गटाने फळमाशीत, जिथे याच एन्झाइमला एसएके म्हणतात. पीएलके४ काढलं की नवे सेंट्रिओल बनत नाहीत. वाढवलं की ढिगाने बनतात.

कामाचा क्रम असा आहे. सेप१९२ आणि सेप१५२ ही प्रथिनं आई सेंट्रिओलच्या बुडाभोवती कडं करून बसलेली असतात. ती पीएलके४ ला तिथे धरून ठेवतात. पीएलके४ मग स्टिल या प्रथिनावर फॉस्फेट लावतं. फॉस्फेट लागलेल्या स्टिलला सास-६ येऊन चिकटतं, आणि सास-६ पासून चाक उभं राहतं. त्यानंतर सीपॅप आणि सेप१३५ यांच्या मदतीने सूक्ष्मनलिका चढतात. पूर्ण सेंट्रिओलमध्ये शंभराहून जास्त जातींची प्रथिनं सापडतात, पण सुरुवात करायला ही मूठभर लागतात.

६. पीएलके४ आईच्या सगळ्या बाजूंनी कडं करून असतं, मग लेक एकच का फुटते? सहा-सात का नाही?

या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न. उत्तर पीएलके४ च्या स्वभावात आहे: ते स्वतःच स्वतःच्या नाशाची व्यवस्था करतं.

पीएलके४ चे दोन रेणू जोडीने राहतात आणि एकमेकांवरच फॉस्फेट लावतात. तो फॉस्फेट एका ठरावीक जागी लागला की बीटा-टीआरसीपी नावाचं प्रथिन ती खूण ओळखतं, पीएलके४ वर युबिक्विटिन या खुणेच्या प्रथिनाची साखळी चढवली जाते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा, त्याचा चुरा करतो. म्हणजे एन्झाइम जितकं जागं, तितकं त्याचं आयुष्य कमी. त्यामुळे पेशीत ते कायम तुटपुंजं असतं.

आता आईच्या कड्याकडे पाहा. जी१ मध्ये चमकणाऱ्या प्रतिपिंडाने रंगवलं तर पीएलके४ ची पूर्ण बांगडी दिसते. एस अवस्थेच्या तोंडावर तीच बांगडी विझत जाते आणि एकच ठिपका उरतो. लेक फुटते ती त्या ठिपक्यावर. ज्या जागी पीएलके४ आणि स्टिल यांची गाठ आधी पडते, तिथलं पीएलके४ टिकून राहतं. बाकीच्या कड्यावरचं स्वतःला संपवतं. एकदा एक जागा पुढे गेली की उरलेल्यांना सामान पुरत नाही.

पुरावा उलट बाजूने मिळतो. पेशीत पीएलके४ इतकं वाढवलं की चुरा करणारी यंत्रणा मागे पडली, तर एकाच आईभोवती एकाच वेळी अनेक लेकी फुटतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आडव्या छेदात मधे आई आणि भोवती लेकी असं फूल दिसतं. सास-६ किंवा स्टिल फार वाढवलं तरी तसंच होतं.

७. आरे नऊच का?

सास-६ च्या दोन-दोन रेणूंच्या जोड्या होतात, आणि जोड्या एकमेकींना अशा कोनात जोडल्या जातात की नऊ जोड्यांवर वर्तुळ पुरं व्हावं. २०११ मध्ये स्वित्झर्लंड आणि केंब्रिजमधल्या दोन गटांनी ही रचना उलगडली. पण परीक्षानळीत एकट्या सास-६ ची वर्तुळं दर वेळी नऊचीच होत नाहीत. बाकीचे घटकही आकडा पक्का करतात: क्लॅमिडोमोनास या शेवाळात बीएलडी१० हे आऱ्याच्या टोकाचं प्रथिन आखूड केलं तर आठ जुड्यांचे सेंट्रिओलही बनतात. बीएलडी१० म्हणजे आपल्या सेप१३५ चं शेवाळातलं भावंड.

८. एस आणि जी२ मिळून कितीतरी तास असतात. तेवढ्या वेळात आई दुसरी लेक का काढत नाही?

कारण पहिली लेक तिला चिकटलेली असते.

हे कळायला बरीच वर्षं लागली. पेशीरसातच काहीतरी संपत असेल, असा आधी अंदाज होता. मग पेशी जोडण्याचे प्रयोग झाले. ही युक्ती डीएनएच्या बाबतीत आधी वापरली गेली होती. १९७० मध्ये पोटू नरसिंह राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी वेगवेगळ्या अवस्थांतल्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवली जाणारी मानवी कर्करोगाची पेशीजात) एकमेकींत विलीन केल्या आणि दाखवलं की जी२ चं केंद्रक एस अवस्थेच्या पेशीरसात ठेवलं तरी पुन्हा नक्कल करत नाही. २००३ मध्ये कॉनी वाँग आणि टिम स्टर्न्स यांनी तोच डाव सेंट्रोसोमवर खेळला. एकाच पेशीरसात जी१ मधला सेंट्रोसोम दुप्पट होतो आणि शेजारीच असलेला जी२ मधला होत नाही. भोवतालचं सगळं सारखंच आहे, तेव्हा अडसर सेंट्रोसोमच्या आतच असला पाहिजे.

तो अडसर २००६ मध्ये ब्रायन त्सो आणि स्टर्न्स यांनी दाखवला. आई आणि लेक काटकोनात घट्ट जुळलेल्या असतील तर तो सेंट्रोसोम दुप्पट होत नाही. त्या सुट्या झाल्या की होतो. सुट्या करण्यासाठी सेपरेज हे एन्झाइम लागतं, आणि ते विभाजनाच्या उत्तरार्धातच कामाला लागतं. पुढे २००८ मध्ये याडरांका लोन्चारेक आणि अलेक्सी खोजाकोव्ह यांच्या गटाने याची थेट परीक्षा घेतली. एस अवस्थेत अडकवलेल्या हेला पेशीत लेझरच्या बारीक झोताने फक्त लेक जाळली. आईला धक्का लागला नाही. तिने पुन्हा नवी लेक काढली.

म्हणजे एस अवस्थेतल्या पेशीत सामान आणि परिस्थिती दोन्ही तयार असतात. लेक जवळ असणं एवढीच आडकाठी असते.

९. मग डीएनए आणि सेंट्रोसोम यांचा ताळमेळ कसा राहतो? एक दोनदा आणि दुसरं एकदा असं का होत नाही?

दोन्हींची सुरुवात आणि दोन्हींची मोकळीक एकाच हातात आहे. सुरुवातीला सीडीके२ हे एन्झाइम, सायक्लिन ई आणि सायक्लिन ए यांच्या साथीने, डीएनएची नक्कलही पुढे ढकलतं आणि सेंट्रिओलचीही. शेवटी सेपरेज तेच: जुळ्या गुणसूत्रांना बांधून ठेवणारी कोहेसिनची कडी ते तोडतं, आणि सेंट्रिओलची जोडीही तेच सोडवतं. वेष्टनातलं पेरिसेंट्रिन हे मोठं प्रथिनही ते कापतं.

आणखी एक कुलूप आहे. विभाजन संपता संपता एपीसी नावाची यंत्रणा सास-६ आणि स्टिल दोन्ही नष्ट करते. त्यामुळे जी१ मध्ये आई सुटी आणि मोकळी असली तरी कच्चा माल नसतो. तो एस अवस्थेच्या तोंडावर पुन्हा साठतो. यातल्या एका कुलपाने दगा दिला तरी दुसरं थोडा वेळ भागवतं.

१०. लेक जन्मल्याबरोबर स्वतःची लेक काढू शकते का?

नाही, आधी तिला विभाजनातून जावं लागतं. नव्या सेंट्रिओलला स्वतःभोवती वेष्टन जमवता येत नाही आणि पीएलके४ ला बसायला जागाही तिच्यावर तयार नसते. विभाजनादरम्यान पीएलके१, म्हणजे पीएलके४ चंच नात्यातलं दुसरं एन्झाइम, तिच्यात बदल घडवून आणतं. आतलं चाक निघून जातं, सेप१९२ आणि सेप१५२ बाहेरून बसतात, आणि पुढच्या जी१ मध्ये ती पूर्ण आई असते. हा नियम नसता तर एकाच एस अवस्थेत नातीही दिसल्या असत्या.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगते, कारण तिची गल्लत होते. आई होणं आणि पेशीच्या बाहेर डोकावणारा केसतंतू, म्हणजे सिलियम, उभा करता येणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सिलियमसाठी सेंट्रिओलच्या टोकाला पंखांसारखी उपांगं लागतात, आणि ती यायला आणखी एक चक्र जावं लागतं. म्हणून जी१ मधल्या दोन सेंट्रिओलांपैकी फक्त थोरलीवर सिलियम उगवतो.

११. पेशी सेंट्रोसोम मोजते का? आणि सगळेच काढून टाकले तर?

पेशीत कुठेही मोजणी चालत नाही. प्रत्येक आईला एकच लेक (प्रश्न ६) आणि प्रत्येक चक्रात एकदाच (प्रश्न ८), एवढे दोन स्थानिक नियम पाळले की आकडा आपोआप बरोबर राहतो. पण त्याचा अर्थ असाही होतो की सुरुवातीचाच आकडा चुकला तर हे नियम चूकच दुप्पट करत राहतात.

सगळे सेंट्रिओल काढले की हे स्पष्ट दिसतं. लेझरने दोन्ही नष्ट केल्यावर पेशी एस अवस्थेत शून्यातून नवे सेंट्रिओल बनवू शकते. हे २००२ मध्ये हॅम्स्टरच्या पेशींत आणि २००५ मध्ये हेला पेशींत दाखवलं गेलं. मात्र अशा वेळी दोन बनतील, पाच बनतील, की आणखी जास्त, याला धरबंध नसतो. यावरून आईचं खरं काम कळतं. ती असली की सामान तिच्याच अंगावर गोळा होतं आणि इतरत्र काही उगवत नाही.

२०१५ मध्ये सेंट्रिनोन हे पीएलके४ रोखणारं रसायन आलं आणि हाच प्रयोग लाखो पेशींवर एकाच वेळी करता येऊ लागला. काही चक्रं सेंट्रिनोनमध्ये ठेवल्यावर पेशी सेंट्रोसोमविना होतात. कर्करोगाच्या पेशींतून रसायन धुऊन काढलं की आधी आकडे वाटेल तसे येतात आणि मग काही पिढ्यांत त्या त्या पेशीजातीच्या नेहमीच्या सरासरीवर परततात. ज्या पेशींत आकडा फार चुकला त्यांचं विभाजन फसतं, आणि बरोबर आकड्याच्या पेशी वाढत जातात.

१२. सेंट्रोसोम नसलेली पेशी मरते का?

लगेच मरत नाही. स्पिंडल तिच्यातही उभा राहतो, फक्त वेळ लागतो आणि चुका वाढतात. पण निरोगी मानवी पेशी काही चक्रांत विभाजन थांबवते. थांबवणारं प्रथिन पी५३.

हे का थांबवलं जातं, याचं उत्तर वेळेत आहे. डोळ्याच्या पडद्याजवळच्या आरपीई-१ या पेशींत विभाजनाचा सुरुवातीचा टप्पा दीड तासापेक्षा जास्त लांबला तर जन्मलेल्या लेक पेशी पुढच्या जी१ मध्ये थांबतात, जरी विभाजन शेवटी नीट झालेलं असलं तरी. ५३बीपी१ आणि यूएसपी२८ ही दोन प्रथिनं हा उशीर लक्षात ठेवून पी५३ ला कळवतात. सेंट्रोसोम नसला की विभाजन लांबतं, आणि घड्याळाचा इशारा होतो. पी५३ हरवलेल्या कर्करोगाच्या पेशी मात्र सेंट्रोसोमविना वर्षानुवर्षं वाढवता येतात.

१३. सेंट्रोसोम जास्त झाले तर काय होतं?

तीन शक्यता आहेत. पहिली, स्पिंडलला तीन-चार टोकं होतात आणि लेक पेशींना गुणसूत्रांचे असे वाटे मिळतात की बहुतेक मरतात. दुसरी, एचसेट ही मोटर प्रथिनं जास्तीचे सेंट्रोसोम ओढून दोन टोकांना गोळा करतात आणि वरवर साधं विभाजन पार पडतं. पण गोळा होईपर्यंतच्या गोंधळात एखादं गुणसूत्र दोन्ही बाजूंच्या धाग्यांना अडकलेलं राहतं आणि चुकीच्या बाजूला जातं. नील गनेम, सुसाना गोडिन्यो आणि डेव्हिड पेलमन यांनी २००९ मध्ये हे दाखवलं. माझ्या मते हीच सर्वांत धोक्याची वाट, कारण पेशी जगते आणि दर वेळी थोडी थोडी बिघडत जाते.

तिसरी शक्यता म्हणजे पेशी वेळीच थांबते. जास्तीच्या प्रौढ सेंट्रिओलांच्या उपांगांवर पिडोसोम नावाची यंत्रणा जागी होते, ती कॅस्पेज-२ ला उठवते, आणि कॅस्पेज-२ पी५३ च्या पायातली बेडी, एमडीएम२, कापतं. म्हणजे कमी झाले तरी आणि जास्त झाले तरी निरोप पी५३ कडेच जातो, वाटा मात्र पूर्ण वेगळ्या. परीक्षेत या दोन वाटा एकत्र करू नका.

१४. जास्तीच्या सेंट्रोसोममुळे कर्करोग होतो, की कर्करोगामुळे सेंट्रोसोम वाढतात?

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. सेंट्रोसोम हे नाव देणारे जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्राणू शिरू दिले. जास्तीच्या सेंट्रोसोममुळे अंडं एकदम तीन-चार पेशींत विभागलं आणि बहुतेक गर्भ बिघडले. त्यावरून १९१४ मध्ये त्यांनी लिहिलं की दुर्धर गाठींचं मूळ गुणसूत्रांच्या अशाच चुकीच्या वाटणीत असू शकतं.

माणसाच्या अनेक गाठींत सेंट्रोसोम जास्त दिसतात, पण नुसतं सोबत दिसण्यावरून कारण ठरत नाही. २००८ मध्ये जास्तीचे सेंट्रोसोम असलेल्या फळमाशीच्या अळीच्या मेंदूचा तुकडा दुसऱ्या माशीच्या पोटात बसवल्यावर गाठी झाल्या. २०१७ मध्ये उंदरांत पीएलके४ थोडंसंच वाढवलं, तेव्हा आपोआप गाठी झाल्या. म्हणजे वाढलेले सेंट्रोसोम कारण होऊ शकतात, एवढं सिद्ध आहे. पण पी५३ हरवलेली किंवा विभाजन अर्धवट सोडलेली पेशीही सेंट्रोसोम साठवते, त्यामुळे परिणाम म्हणूनही ते दिसतात. एखाद्या रुग्णाच्या गाठीत यातलं काय आधी झालं, हे नुसत्या मोजणीवरून सांगता येत नाही.

१५. मग पीएलके४ रोखून कर्करोगावर औषध होईल का?

या दिशेने काम चालू आहे. सीएफआय-४००९४५ हे पीएलके४ रोखणारं औषध रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. जास्त नेमकी आशा एका विशिष्ट गटाबद्दल आहे. काही स्तनकर्करोगांत १७ व्या गुणसूत्राचा एक भाग अनेकपट झालेला असतो आणि त्यासोबत ट्रिम३७ हे प्रथिन वाढतं. ट्रिम३७ जास्त असलेल्या पेशी सेंट्रोसोमशिवाय स्पिंडल उभा करू शकत नाहीत, आणि पीएलके४ रोखलं की कोसळतात. २०२० मध्ये दोन गटांनी हे दाखवलं. घरात कोणी आजारी असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगते: हे संशोधन आहे, प्रस्थापित उपचार नाही. निर्णय तुमच्या कर्करोगतज्ज्ञांसोबतच घ्या.

१६. बाळाचं डोकं लहान आहे, रिपोर्टमध्ये सेंट्रोसोमच्या जनुकाचं नाव आलंय. याचा काय संबंध?

जन्मजात मायक्रोसेफलीच्या एका प्रकारात मेंदूची घडण साधारण ठीक असते, पण आकार लहान राहतो. त्याला कारणीभूत जनुकांत एएसपीएम सर्वांत जास्त वेळा सापडतं. या यादीत सीईएनपीजे (याचंच प्रथिन सीपॅप), स्टिल, सेप१३५, सेप१५२ आणि सास-६ यांची जनुकंही आहेत. प्रश्न ५ मधली जवळजवळ सगळी नावं इथे परत येतात. पीएलके४ मधल्या बदलांनी डोक्यासोबत उंची खुंटणं आणि डोळ्यांचा त्रासही होतो.

गर्भात मेंदूच्या मूळपेशींना थोड्या आठवड्यांत प्रचंड वेळा विभागावं लागतं. सेंट्रोसोम कमी पडले की विभाजन लांबतं, प्रश्न १२ मधलं घड्याळ वाजतं आणि पी५३ मुळे त्या पेशी मरतात. मेंदूसाठी पेशीच कमी पडतात. उंदरांत सेंट्रोसोम काढल्यावर यूएसपी२८ किंवा ५३बीपी१ सुद्धा काढलं तर मेंदूचा आकार पुष्कळसा वाचतो, इतकं हे नातं थेट आहे. आणि उंदराच्या मेंदूत सेंट्रोसोम जास्त केले तरीही डोकं लहानच होतं.

झिका विषाणूमुळे होणारी मायक्रोसेफली वेगळी. ती गर्भारपणातल्या संसर्गाने होते, या जनुकांच्या वारशाने नाही.

१७. आमचं लग्न नात्यातलं आहे. पुढच्या बाळाला धोका किती?

प्रश्न १६ मधले बहुतेक आजार तेव्हाच होतात जेव्हा आई आणि वडील दोघांकडून त्याच जनुकाची बिघडलेली प्रत येते. दोघं निरोगी वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिल्या बाळाला झाला म्हणून दुसऱ्याला कमी किंवा जास्त होत नाही. आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं समान असतात, त्यामुळे दोघं एकाच बदलाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. यात दोष कोणाचाही नाही. पहिल्या बाळातला नेमका बदल सापडलेला असेल तर पुढच्या गर्भारपणात त्याची तपासणी करता येते. त्यासाठी आधीच जनुक समुपदेशकांना भेटा, आणि पहिल्या बाळाचा मूळ रिपोर्ट सोबत न्या.

१८. श्वासनलिकेतल्या एका पेशीवर शेकडो केसतंतू असतात. प्रत्येकाला सेंट्रिओल लागतो. मग ‘एका आईला एकच लेक’ कुठे गेलं?

तिथे तो नियम मुद्दाम सोडलेला असतो. श्वासनलिका, बीजनलिका आणि मेंदूतल्या पोकळ्यांच्या अस्तरातल्या अशा पेशी एकेका वेळी शेकडो सेंट्रिओल बनवतात. त्यासाठी ड्यूटेरोसोम नावाचे गोळे तयार होतात आणि प्रत्येकावर अनेक सेंट्रिओल एकत्र वाढतात. कामगार तेच: पीएलके४, स्टिल, सास-६. गंमत अशी की उंदराच्या पेशींत ड्यूटेरोसोम बनूच दिले नाहीत तरी सेंट्रिओलांची संख्या जवळपास तितकीच राहते. २०१९ मध्ये हे दिसलं. या पेशी पुढे विभागत नाहीत, म्हणून इतके सेंट्रिओल असूनही गुणसूत्रांना धोका नसतो.

१९. एस अवस्थेत अडकवलेल्या यू२ओएस (हाडाच्या कर्करोगाची मानवी पेशीजात) पेशींत मला सहा-आठ सेंट्रिओल दिसतात. लेक जवळ असताना आई पुन्हा कशी फळते?

एमएस्सीच्या प्रकल्पांतून दरवर्षी येणारा प्रश्न. हायड्रॉक्सियुरियाने, म्हणजे डीएनएची नक्कल रोखणाऱ्या औषधाने, एस अवस्था दिवसेंदिवस लांबवली की काही पेशीजातींत पीएलके१ वेळेआधीच जागं होतं. मग लेक आईजवळ असतानाच प्रौढ होऊ लागते आणि आईपासून थोडी दूर सरकते. विभाजन झालेलंच नसतं, पण आईच्या दृष्टीने जागा मोकळी झालेली असते. ती पुन्हा लेक काढते. म्हणजे प्रश्न ८ चा नियम मोडलेला नाही. लेक किती जवळ आणि किती कच्ची आहे यावर तो चालतो, हे इथे कळतं. आरपीई-१ सारख्या पेशींत हेच औषध देऊन असं सहसा होत नाही, म्हणून तुलनेला ती पेशीजात जरूर ठेवा.

२०. बाळाला पहिला सेंट्रोसोम आईकडून मिळतो की वडिलांकडून?

वडिलांकडून. अंडपेशी तयार होताना तिचे सेंट्रिओल नाहीसे होतात. शुक्राणू ते घेऊन येतो. मानवी शुक्राणूत एक नेहमीच्या घडणीचा सेंट्रिओल असतो आणि दुसरा, शेपटीच्या बुडाचा, इतका बदललेला की तो मोडून गेला असंच बराच काळ मानलं जाई. तोही काम करतो हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले तर बोव्हेरींच्या अर्चिनसारखंच होतं, पहिलंच विभाजन तीन बाजूंनी होऊ शकतं. आयव्हीएफमध्ये तीन केंद्रकं दिसणारं फलित अंडं बाजूला ठेवतात त्याचं हे एक कारण. उंदरावरून माणसाचा अंदाज मात्र इथे बांधू नका. उंदराच्या शुक्राणूत सेंट्रिओल उरत नाहीत, आणि गर्भ साधारण ६४ पेशींचा होईपर्यंत त्यांच्याशिवायच विभागतो.

२१. यकृताच्या पेशींत दोनपेक्षा जास्त सेंट्रोसोम असतात म्हणे. तो आजार आहे का?

नाही. यकृताच्या अनेक निरोगी पेशी केंद्रक विभागून पेशी न विभागता थांबतात. त्यामुळे गुणसूत्रं आणि सेंट्रोसोम दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात.

२२. कांद्याच्या मुळाच्या स्लाइडमध्ये सेंट्रोसोम शोधला, सापडला नाही. रंग चुकला का?

रंग बरोबर आहे. कांद्याला सेंट्रोसोमच नसतो. कोणत्याच सपुष्प वनस्पतीला नसतो. त्यांचा स्पिंडल इतर मार्गांनी उभा राहतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत मुलं पाठ्यपुस्तकातल्या प्राणीपेशीची आकृती पाहून कांद्याच्या पेशीतही दोन ठिपके काढतात. शिक्षकांना विनंती, ते ठिपके खोडायला सांगा आणि का ते समजावा.

२३. सेंट्रिओल मोजायचे कसे? माझे आकडे दर वेळी वेगळे येतात.

सेंट्रिन या प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड वापरा, कारण ते प्रत्येक सेंट्रिओलच्या टोकाशी एक ठिपका देतं. सोबत गॅमा-ट्युब्युलिन दुसऱ्या रंगात घ्या, म्हणजे वेष्टन दिसेल आणि सुटे भरकटलेले ठिपके मोजले जाणार नाहीत. जी१ मध्ये दोन ठिपके हवेत, जी२ मध्ये चार, विभाजनात प्रत्येक टोकाला दोन.

आकडे बदलतात ते बहुधा एस अवस्थेच्या पेशींमुळे. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, आणि कोवळी लेक आईला त्याहून जवळ असते. एकाच ठिपक्याला जरासं पोट आलेलं दिसतं. कोणी त्याला एक मोजतं, कोणी दोन. म्हणून मोजणी विभाजनातल्या पेशींतच करा, तिथे चारही ठिपके ठसठशीत असतात. फोकस वर-खाली करून पूर्ण जाडी पाहा, कारण दुसरं टोक बऱ्याचदा दुसऱ्या पातळीवर असतं. आणि कुठल्या काचेला औषध दिलंय हे माहीत नसलेल्या मैत्रिणीकडून निदान शंभर पेशी परत मोजून घ्या.